आ-छीची दहा मिनिटं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर अजून अर्धा अंधार आहे. डावीकडे देवळाच्या पायऱ्या, त्यांवर अंग मुडपून झोपलेलं पिवळं कुत्रं. उजवीकडे मासळीबाजाराची पत्र्याची शेड, आणि शेडखाली एकापाठोपाठ एक पेटत जाणारे लाल टोपीचे दिवे. सकाळचे साडेपाच. तळ्यांवरून मासे घेऊन आलेल्या गाड्या परत गेल्या आहेत, बर्फ फोडायचा आवाज नुकताच थांबलाय, आणि बरोबर मधोमध, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर, गुडघ्यांत लाकडी पाट धरून बसलेली एक बाई सबाही माशाचे काटे काढते आहे.

ही सियाऊ बोंग-छी. बाजार तिला आ-छी म्हणतो.

सबाहीत दोनशे बावीस काटे असतात. आमच्या गावातल्या पोरांना हा आकडा पाढ्यांच्या आधी ठाऊक असतो. आ-छी ते सगळे सुरीच्या टोकानं उचलते आणि माशाचं अंग कुठे फाटत नाही. खाली बघतही नाही. नजर गिऱ्हाइकावर, आणि तोंड शेजारणीशी भांडायला मोकळं.

"काय महाराज, आज पोट देऊ का डोकं?"

महाराज म्हणजे मी. चाळीस वर्षं मी देवळांसमोरच्या मांडवांत नाटकांतून पुरुषांची कामं केली आणि त्यातली निम्मी न्यायाधीशांची. काळा झगा, दोन्ही बाजूंना पंख असलेली टोपी, हनुवटीवरून पोटापर्यंत दाढी. मंडळी फुटली, दाढी उंदरांनी नेली, पण बाजारात माझं महाराजपद शाबूत राहिलं.

"पोट दे. डोकं माझं मला पुरतं."

"ते आता शिळं झालंय," आ-छी म्हणायची, आणि सगळी शेड हसायची.

बोंग-छी हे नावही हसण्यासारखंच आहे. 'आता झालीच आहे तर वाढवू या' असा त्याचा अर्थ. पाचवी मुलगी झाल्यावर आमच्याकडे अशी नावं ठेवत. कोर्टात पहिल्यांदा पुकारा झाला तेव्हा दारावरच्या तरुण शिपायाला हसू आवरलं नाही. आ-छी त्याला म्हणाली, "हस बाबा. मला नाव ठेवतानाच घरच्यांनी हात टेकले होते."

कोर्टात ती का गेली ते सांगते.

तिचा नवरा यकृताच्या दुखण्यानं लवकर गेला. एकच मुलगा, बुन-खाय. तळ्यांवर माशांच्या खाद्याची पोती पोचवणारी गाडी चालवायचा. सव्वीस वर्षांचा होता. एका दुपारी शेवयांच्या दुकानासमोर आडव्या लावलेल्या स्कूटरवरून त्याची एका टायरवाल्याशी बाचाबाची झाली. टायरवाला शेजारच्या आपल्या दुकानात गेला आणि चाकू घेऊन बाहेर आला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत चार मिनिटं. दुकानाच्या कॅमेऱ्यात तेवढीच आहेत. चाकू कुणाचा, हात कुणाचा, यावर कधीच वाद नव्हता. वाद एकच: आत जाऊन चाकू आणला तो मारायला की नुसता भेवडावायला? या एका प्रश्नावर कोर्टानं अकरा वर्षं घेतली.

पहिली तारीख पडली तेव्हा मुलाला जाऊन तीन महिने झाले होते. आ-छीनं इस्त्रीचा सदरा घातला होता, नखांतला माशाचा वास जावा म्हणून हात लिंबानं घासले होते. सगळ्यांचं बोलून झालं. मग तिघांतल्या मधल्या न्यायाधीशांनी वर बघून विचारलं, "मयताच्या कुटुंबीयांचं काही म्हणणं आहे?"

आ-छी उठली. दोन्ही हात पुढे जोडून वाकली आणि म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही, साहेब."

आमच्याकडे चार मोठ्या माणसांत कुणी मत विचारलं की असंच म्हणायचं असतं. देवळाच्या कमिटीनं विचारलं, यंदा जत्रेला कुठलं नाटक आणू या? माझं काही म्हणणं नाही. व्याह्यांनी विचारलं, पंगतीला किती पदार्थ ठेवायचे? माझं काही म्हणणं नाही. मग समोरचा दुसऱ्यांदा विचारतो. आपण पुन्हा नाही म्हणतो. तो तिसऱ्यांदा विचारतो, आणि तेव्हा कुठे आपण पोटातलं बाहेर काढतो. पहिल्याच वेळी तोंड उघडणाऱ्या माणसाला आम्ही हावरट म्हणतो.

आ-छी तशीच उभी राहिली, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत. न्यायाधीशांनी पान उलटलं.

ते वाक्य फाइलीत गेलं. पुढच्या कोर्टात टायरवाल्याच्या वकिलानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: मयताच्या आईचं काही म्हणणं नाही, म्हणजे त्या घराच्या मनातही राग उरलेला नाही, तरी शिक्षा कमी व्हावी. मी आ-छीच्या शेजारी बसले होते. तिनं माझा दंड असा धरला की चार दिवस निळा होता.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "महाराज, ते मला पुन्हा विचारणार होते ना?"

मी ज्या न्यायाधीशांची कामं केली ते नायिकेनं हुंदका दिला की गादीवरून खाली उतरून यायचे.

त्यानंतरची वर्षं बसच्या वेळापत्रकावर गेली. खालच्या कोर्टानं निकाल द्यायचा, वरच्यानं तो रद्द करून परत पाठवायचा. पाच वेळा. तारखेच्या दिवशी आ-छीचा गाळा बंद असायचा, आणि शेजारची आ-लान तिच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना, "आज माझ्याकडून घ्या, उद्या परत तिच्याकडे जा," म्हणून मासे द्यायची. मधे कोठडीची कायद्यानं ठरवलेली मुदत संपली म्हणून टायरवाल्याला निकाल लागेपर्यंत घरी सोडलं. त्याचं दुकान बस थांब्याच्या वाटेवर. आ-छी तेव्हापासून देवळामागून वळसा घालून जायला लागली. पंधरा मिनिटं जास्त. कुणी विचारलं की म्हणायची, "डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

ती कोर्टाला शत्रू मानायची नाही. तिसऱ्या फेरीच्या वेळी सरकारी वकील म्हणून एक हडकुळा मुलगा होता. आ-छीला त्याची दया आली. दोन किलो माशाचे गोळे घेऊन ती त्याच्या कचेरीत गेली. त्यानं हात लावायला नकार दिला. मोठी माणसं आधी नको म्हणतातच, असं समजून ती ते टेबलावर ठेवून पळून आली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून फोन: गोळे परत घेऊन जा, आणि साहेबांना त्या गोळ्यांबद्दल तीन पानी अहवाल लिहावा लागलाय.

"तीन पानं?" आ-छी म्हणाली. "खाऊन टाकले असते तर एक वाटी लागली असती."

ती हे सगळ्यांना रंगवून सांगायची. पण एकदा, मासे संपल्यावर पाट धुता धुता, मला म्हणाली, "मी मेले तर त्या फाइलीत माझं एवढंच राहील, बघ. काही म्हणणं नाही. तिकडे गेल्यावर माझा आ-खाय विचारेल, आई, तुला खरंच काही म्हणायचं नव्हतं का गं?"

अकराव्या वर्षी कायदा बदलला. मारल्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांना आता कोर्टात वकिलाशेजारी बसून बोलता येणार होतं. सरकारनं दिलेली वकील, खांग नावाची, मोटरसायकलवरून बाजारातच आली. डोक्यावर हेल्मेट तसंच.

"मावशी, पुढच्या तारखेला तुम्हाला दहा मिनिटं मिळतील."

"कसली?"

"बोलायची. न्यायाधीश विचारतील, काही म्हणायचं आहे का. तुम्ही आहे म्हणायचं आणि बोलायचं."

आ-छीची सुरी थांबली. "किती वेळा विचारतील?"

"एकदाच, मावशी."

त्या दुपारी ती माझ्या घरी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "महाराज, तू न्यायाधीश हो. मला शिकव."

मी झाले. पलंगावर बसले, चादर खांद्यावरून घेतली आणि पोटातून आवाज काढला: "मयताच्या आईला काही म्हणायचं आहे का?"

आ-छी वाकली. "माझं काही म्हणणं... हाय हाय!" आणि तोंडावर हात मारून घेतला.

वीस वेळा केलं. वीसही वेळा जीभ तिकडेच घसरली. सत्तर वर्षांचं वळण होतं ते. एकविसाव्या वेळी ती "आहे" म्हणाली, पण इतकी लाजून की जणू कुणी तिला दुसरं लग्न करतेस का म्हणून विचारलं होतं.

"असं सरळ आहे म्हणायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत. तूच म्हणायचंस."

मग सगळ्या बाजारानं ते काम अंगावर घेतलं. आ-लान सकाळी सकाळी ओरडायची, "आ-छी, चहा घेतेस का?"

"नको नको, राहू..."

"आ-छी!"

"घेते! घेते! साखर दोन चमचे! आणि बिस्कीट!"

बर्फवाला विचारायचा, "काकू, आज बर्फ लागेल का?" "लागेल! आणि कालच्यासारखा वितळलेला नको!" देवळाचे पुजारी मुद्दाम शेडमध्ये येऊन विचारून गेले, उत्सवाच्या नाटकाबद्दल काही सुचवायचं आहे का. आ-छीनं त्यांना बसवून घेतलं आणि गेल्या चौदा वर्षांतल्या प्रत्येक नाटकातलं काय वाईट होतं ते सांगितलं. पुजारी जाताना मला म्हणाले, "हिला जरा कमी शिकवा."

पण 'आहे'नंतर काय, हा प्रश्न तसाच होता, आणि तिथे चूक माझी झाली. मी तिला भाषण लिहून दिलं. मला येत होतं ते लिहिलं: पहिल्या ओळीत आभाळाला हाक, तिसऱ्या ओळीत हुंदका, शेवटी गुडघ्यांवर पडून न्यायाची भीक. मी ते म्हणून दाखवलं तेव्हा माझे डोळे भरून आले. पूर्वी याच ठिकाणी समोरचे हजार लोक रुमाल काढायचे.

आ-छीनं शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे," ती म्हणाली. "कुणाच्या मुलाबद्दल आहे?"

वकीलबाईही तेव्हा तिथेच होती. ती म्हणाली, "मावशी, गुडघ्यावर बिडघ्यावर बसायचं नाही. तुम्ही फक्त मुलाबद्दल बोला. फाइलीत त्याच्या जखमा किती, कुठे, किती खोल, सगळं आहे. तो कसा होता ते एकाही पानावर नाही."

"एकाही?"

"नाही."

"नऊशे पानं आहेत म्हणालीस ना?"

"नऊशे चाळीस."

आ-छीनं कागदाची घडी घातली. मग मला म्हणाली, "महाराज, तुझा कागद तू ठेव. उत्सवात कामाला येईल."

दुसऱ्या दिवसापासून मी गाळ्यासमोर स्टूल टाकून बसायला लागले. हात रिकामे असले की ती बोलत नाही, हे मला एवढ्या वर्षांनी उमगलं. मासा हातात असला की बोलते. एक मासा, एक गोष्ट. काही इतक्या क्षुल्लक की तिची तीच म्हणायची, "हे काय कोर्टात सांगायचंय?" मी म्हणायचे, "पुढचा मासा घे."

शेवट मी नाटकात कधी आधी सांगितला नाही, पण इथे सांगून टाकते, म्हणजे तुम्ही निकालाची वाट बघत बसणार नाही. मारायच्या इराद्यानंच चाकू आणला, असं त्या कोर्टानं धरलं. पंधरा वर्षं दिली. वरच्या कोर्टानं या खेपेला फाइल परत पाठवली नाही. टायरवाला आत गेला. कळलं त्या दिवशी आम्ही शेडमध्ये फटाके लावायला निघालो होतो, तर आ-छी म्हणाली, "त्याची पण म्हातारी आई आहे. ऐकू जाईल तिला." देवळामागचा वळसा तिनं अजून सोडलेला नाही. पाय तिकडेच वळतात म्हणते.

तर ती तारीख. सकाळची बस. आ-छीच्या अंगात तोच सदरा, गळ्याशी जरा सैल झालेला. कोर्टात ती वकीलबाईशेजारी पुढे बसली, मी मागच्या बाकावर. तिच्या दुसऱ्या बाजूला एक दुभाषी, कारण आ-छीला आमची घरची बोली येते, कोर्टातली नीट येत नाही. न्यायाधीशांच्या पुढ्यात, खाली, टंकलेखन करणारी एक मुलगी. ती लिहील तसं ते भिंतीवरच्या पडद्यावर उमटत होतं. टायरवाला समोर, मान खाली. त्याच्या वकिलानं आधी आपलं बोलून घेतलं: मयत तापट स्वभावाचा होता, भांडण त्यानं वाढवलं. ते पडद्यावर उमटलं.

मग मधल्या न्यायाधीशांनी, चष्मेवाल्या बाई होत्या त्या, कागद बाजूला सारले.

"मयताच्या आईला काही म्हणायचं आहे का?"

आ-छी उठली. हात जोडले गेले, पाठ वाकायला लागली. माझे ओठ आपोआप हलत होते, पूर्वी पडद्याआडून नव्या पोरींना शब्द पुरवताना हलायचे तसे. शांतता इतकी लांबली की न्यायाधीशबाईंचा हात कागदांकडे परत निघाला.

"आहे!" आ-छी म्हणाली. दारावरचा शिपाई दचकला. "आहे साहेब. पुष्कळ आहे."

"बोला."

ती बसली आणि तिचे हात टेबलाखाली गेले. मी मागून बघत होते. डाव्या हातानं जणू मासाच धरला होता आणि उजव्याची बोटं त्यातून एकेक काटा उचलत होती.

"त्याचं नाव बुन-खाय," ती म्हणाली. "इथं सगळे मयत म्हणतात म्हणून सांगितलं. तो गाडी फार हळू चालवायचा. तळ्यावरचे मालक मला फोन करायचे, मासे उपाशी मेले तर तुझ्या पोराला भरून द्यावं लागेल. बगळा रस्त्यात बसला की हा गाडी थांबवून ठेवायचा, हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. मासा मात्र त्याला साफ करता आला नाही. दहा वर्षांचा असताना अंगठा कापून घेतला, आणि मीच म्हटलं, तुझ्यानं नाही होणार. ते म्हणायला नको होतं. त्याला पालीची भीती वाटायची. एवढा मोठा घोडा, पण पाल दिसली की मला हाक."

दुभाषी मागून धावत होता. मुलीची बोटं धावत होती.

"अकरा वर्षांपूर्वी मला इथं विचारलं होतं आणि मी काही म्हणणं नाही म्हणाले. ते खोडू नका. मीच म्हणाले होते. त्याच्या खाली हे लिहा."

न्यायाधीशबाईंनी मान हलवली. मग विचारलं, "शिक्षेबद्दल तुम्हाला काही म्हणायचंय?"

"ते तुमचं काम, साहेब. मला कुणी सुरी कशी धरायची ते शिकवायला आलं तर मला राग येतो." बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "पण एक राहिलं. हे वकीलसाहेब म्हणाले, तो तापट होता. होता. माझ्यावर गेला होता. एकदा माझ्याशी भांडला आणि माशांच्या बादलीला लाथ मारली. बादली फुटली. तरातरा निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला तो नवी बादली घेऊन. गुलाबी. बाजारात गुलाबी बादली कोण वापरतं? पण बोलला काही नाही, ठेवली आणि बर्फ भरायला लागला. त्याचा राग असाच होता. अर्धा तास लागायचा उतरायला. त्या दिवशीही उतरला असता. त्याला कुणी अर्धा तास दिला नाही."

टेबलाखालचे हात थांबले. पडद्यावरची अक्षरंही थांबली होती. 'अर्धा तास'पाशी येऊन ती छोटी रेघ नुसती लुकलुकत होती. टंकलेखन करणारी मुलगी मान खाली घालून बसली होती आणि तिची बोटं पुढे जात नव्हती. आ-छीनं पडद्याकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे.

"सावकाश लिही, पोरी," ती म्हणाली. "मी कुठे जात नाही."